घरावर गोळी आली तर: फिर्याद, पंचनामा आणि कलमं

"कुणाला लागलंच न्हाई, मग कशाची केस वो वकीलबाई?"

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करताना हा प्रश्न मी नको तितक्या वेळा ऐकला आहे. भिंतीत छर्रे घुसलेले असतात, खिडकीची काच फुटून अंथरुणावर पडलेली असते, आणि घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, देवानं राखलं, आता गावात वैर कशाला वाढवायचं. मला हे ऐकून दर वेळी तळमळ होते. कारण कायदा असं म्हणत नाही. राहत्या घरावर गोळी झाडली आणि कुणाला ओरखडाही आला नाही, तरी तो खुनाचा प्रयत्न ठरू शकतो आणि त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो तसा ठरेल की तीन महिन्यांच्या किरकोळ कलमात विरून जाईल, हे बहुतेक वेळा पहिल्या रात्री घरच्यांनी काय जपलं आणि फिर्यादीत काय सांगितलं यावर अवलंबून असतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आत माणसं आहेत हे त्याला माहीत होतं का?

सगळा खटला या एका प्रश्नाभोवती फिरतो. आपल्याकडे "राहत्या घरावर गोळीबार" असं वेगळं कलम नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या दंडसंहितेत आहे, कलम २४६. तिथे घर कुणाच्या वस्तीचं आहे एवढं पुरतं. गोळी झाडली त्या क्षणी आत कुणी होतं की नव्हतं, याने गुन्हा हटत नाही. आपल्याला मात्र झाडणाऱ्याच्या मनात शिरावं लागतं. त्याचा उद्देश काय होता, त्याला कशाची जाणीव होती, की तो नुसताच बेफिकीर होता? भारतीय न्याय संहितेतली कलमं या तीन पायऱ्यांवर उभी आहेत.

सगळ्यात खालची पायरी कलम १२५. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं बेदरकार किंवा हयगयीचं कृत्य. कुणाला लागलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुखापत झाली तर सहा महिने, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. हयगयीने मृत्यू झाला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

मधली पायरी कलम ११०, सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न, म्हणजे जीव जाऊ शकतो हे माहीत असून केलेलं, पण खुनाच्या पातळीला न पोचणारं कृत्य. तीन वर्षांपर्यंत, आणि दुखापत झाली असेल तर सात वर्षांपर्यंत.

वरची पायरी कलम १०९, खुनाचा प्रयत्न. इथे न्यायाधीश स्वतःला एक प्रश्न विचारतात: या गोळीने कुणी मेलं असतं, तर तो खून ठरला असता का? उत्तर हो असेल तर माणूस वाचला म्हणून गुन्हा खाली उतरत नाही. दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कुणाला दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. आणि खून ठरायला अमक्याच माणसाला मारायचं होतं हे दाखवावंच लागतं असं नाही. खुनाची व्याख्या देणाऱ्या कलम १०१ मध्ये एक उदाहरण १८६० च्या जुन्या दंडसंहितेपासून चालत आलं आहे: कुणी काही कारण नसताना जमावावर भरलेली तोफ डागली आणि एक जण मेला, तर ठरावीक कुणाला मारायचा बेत नसला तरी तो खून. इतकं धोक्याचं कृत्य की त्यातून मृत्यू जवळजवळ नक्की, आणि हे माहीत असूनही केलेलं. उजेड असलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीत बसल्या माणसाच्या उंचीवर गोळी मारणं याच्या फार जवळ जातं. तसंच, एकाला मारायला गेला आणि दुसराच मेला, तरी कलम १०२ प्रमाणे सुटका नाही. भावावर नेम होता आणि गोळी आईला लागली, हा बचाव होत नाही.

आपल्या जिल्ह्यातलंच चित्र डोळ्यांपुढे आणा. चंदगड, आजरा, भुदरगडकडे शेतराखणीसाठी परवान्याच्या बंदुका आहेत, कुठे ठासणीच्याही आहेत. रात्री रानडुकरं उसात शिरतात, गवा येतो. समजा कुणी उसाच्या फडाकडे बार काढला आणि छर्रे पलीकडच्या वस्तीच्या पत्र्यावर जाऊन आदळले. तिथे वस्ती आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, अंधार होता, मध्ये झाडी होती, तर ते कलम १२५ च्या आसपास राहील. शिकारीचा प्रकार असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणखी वेगळा लागेल. पण तोच माणूस त्याच बांधावर रोज जाणारा असेल, वस्तीवरचा दिवा त्याला दिसत असेल, बांधावरून भांडण चालू असेल, आणि बार पत्र्याऐवजी दाराच्या चौकटीत कमरेएवढ्या उंचीवर लागलेला असेल, तर मी तो हयगय म्हणून कधीच सोडून देणार नाही.

वरातीतल्या किंवा विजयाच्या मिरवणुकीतल्या गोळीबारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात कलम २५(९) आलं. बेदरकारपणे किंवा आनंदाच्या भरात बंदूक झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "हवेत झाडली" असं म्हटल्याने माणूस निर्दोष होत नाही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी गच्चीवर, कुणाच्या तरी पत्र्यावर उतरतेच. उत्तराखंडातल्या एका लग्नात वरपक्षाकडच्या माणसाने छताच्या दिशेने बार काढला, छर्रे पाहुण्यांना लागले आणि मृत्यू झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खुनाच्या कलमातून काढलं, पण अपघात म्हणून सोडलं नाही. गर्दीत भरलेली बंदूक चालवणाऱ्याला परिणामाची जाणीव असायलाच हवी होती, असं म्हणून सदोष मनुष्यवधात दहा वर्षांची शिक्षा दिली. आपल्या कोल्हापूरने राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे यांच्यासारखे नेमबाज देशाला दिले. नेमबाजी शिकणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात की नळीपुढे काय आहे हे पाहिल्याशिवाय बोट घोड्यावर न्यायचं नाही. परवाना घेतलेल्या माणसाकडून कायदा याहून कमी अपेक्षा करत नाही.

पहिली रात्र

आवाज झाला की आधी सगळ्यांना जमिनीवर पाडा आणि आतल्या भिंतीआड न्या. खिडकीतून डोकावून "कोण आहे रे" म्हणू नका. ११२ ला फोन करा. त्या फोनची वेळ नोंदली जाते आणि पुढे ती फार कामाला येते. कुणाला लागलं असेल तर बाकी सगळं सोडून दवाखाना, कोल्हापूर शहरात असाल तर सीपीआर हे सरकारी रुग्णालय. गोळी लागल्याचं तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद होईल. जखमीचे कपडे धुऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. कागदात गुंडाळून पोलिसांकडे द्या. जवळून झाडलेल्या बाराच्या खुणा कापडावर राहतात.

आणि घरातल्या बायकांना माझं हात जोडून सांगणं आहे: सकाळी उठून झाडू हातात घेऊ नका. काचा, पडलेला गिलावा, सांडलेलं पाणी, सगळं आहे तसं राहू द्या. एकदा अशा घरात गेले तर भोक सिमेंटने बुजवून वर चुना मारलेला होता, पाहुणे येणार म्हणून. त्या भोकाची उंची आणि तिरकेपणा हाच तर पुरावा होता.

अंगणात किंवा रस्त्यावर पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच, सापडली तर उचलू नका. पाऊस किंवा कुत्र्याची भीती असेल तर तिच्यावर पाटी पालथी घाला. बारा बोअरच्या बंदुकीतले छर्रे कोणत्या बंदुकीतून आले हे नळीवरून सहसा जुळवता येत नाही, कारण आतून नळी गुळगुळीत असते. पण पुंगळीच्या बुडावर बंदुकीच्या आतल्या ठोकणाऱ्या टोकाची (फायरिंग पिनची) खूण उमटते आणि ती बंदुकीशी जुळवता येते. ठासणीच्या बंदुकीत पुंगळी नसतेच. तिथे दारूवर ठासलेला कापडाचा किंवा काथ्याचा बोळा अंगणात पडलेला सापडू शकतो, तो शोधायला पोलिसांना आवर्जून सांगा. छर्रे भिंतीवर किती पसरलेत तेही बघा: जवळून मारले तर ते एकत्र राहतात, लांबून आले तर विखुरतात.

फोटो भरपूर काढा. भोकाजवळ पट्टी किंवा टेप धरून काढा, आतून काढा, बाहेरून काढा. आणि याच फोटोंत बाहेरून काय दिसत होतं ते पकडा: पेटलेली ट्यूबलाइट, उघडी खिडकी, दारातल्या चपला, अंगणातली मोटारसायकल, दोरीवरचे कपडे. रात्रीच, दिवे तसेच ठेवून, झाडणारा जिथे उभा असावा त्या बाजूकडून, पण सुरक्षित झाल्यावर, पोलिस आल्यानंतर, घराचा एक फोटो घ्या. आत माणसं आहेत हे कुणालाही कळावं अशी स्थिती होती, हे सांगायला त्याच्याइतका बोलका कागद दुसरा नाही.

फिर्याद सांगताना

ठाणे अंमलदार लिहून घेतात तेव्हा लोक आधी जुनं भांडण सांगायला लागतात आणि गोळीबार दोन ओळींत आटपतात. उलटं करा. समजा असं सांगा:

"रात्री साडेनऊची वेळ. पुढच्या खोलीत ट्यूबलाइट चालू होती, खिडकी उघडी होती, टीव्हीचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जात होता. मी आणि सासूबाई कॉटवर बसलो होतो, दोन मुलं खाली जेवत होती. आमची गाडी दारात उभी होती. रस्त्यावरून अमुक माणसाने हाक मारून शिवी दिली. त्यानंतर लगेच एक आणि थोड्या वेळाने दुसरा असे दोन आवाज आले. पहिली गोळी खिडकीची काच फोडून कॉटच्या वर साधारण दोन फुटांवर भिंतीत घुसली."

यात जाणीव, उंची, अंतर, दुसऱ्यांदा झाडणं आणि तोंडचे शब्द सगळं आलं. दुसरा बार फार महत्त्वाचा, कारण पहिल्यानंतर आतून किंकाळी ऐकू आली असेल तर दुसरा झाडताना आत कुणी आहे हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा राहत नाही. "जिवंत सोडत नाही" अशी धमकी दिली असेल तर नेमके शब्द, शिवीसकट, लिहून घ्यायला लावा. त्याने धमकीचं कलम ३५१ ही लागतं.

जे दिसलं नाही ते सांगू नका. अंधारात चेहरा दिसला नसेल तर आवाजावरून ओळखलं, चालण्यावरून ओळखलं, जे खरं आहे तेच. आणि कृपा करून चुलत्याचं, त्याच्या तिन्ही पोरांचं आणि मेव्हण्याचं नाव घालू नका. भावकीच्या रागात नावं वाढवलेली फिर्याद उलटतपासणीत पहिल्या तासात उघडी पडते आणि मग खरा झाडणाराही त्याच भोकातून सुटतो. हे मी आरोपीच्या बाजूनेही लढून पाहिलेलं आहे.

ठाण्यात नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेऊन घरी पाठवायला लागले तर ऐकू नका. शस्त्र अधिनियमाखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, त्या कायद्याच्या कलम ३८ मध्येच तसं लिहिलं आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सांगितलं. हद्दीचा वाद काढला, करवीर म्हणतं गांधीनगरकडे जा आणि गांधीनगर म्हणतं करवीरकडे, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठलंही ठाणं शून्य क्रमांकाने फिर्याद घेऊ शकतं आणि ती घ्यावीच लागते. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तरीही नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा आणि पोच जपा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो.

मग एफआयआरवरची कलमं वाचा. नुसतं १२५ आणि शस्त्र अधिनियम दिसलं तर तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या की अमुक परिस्थिती पाहता कलम १०९ वाढवावं. कलम लावणं हे पोलिसांचं आणि शेवटी न्यायालयाचं काम आहे, पण तुमचा अर्ज कागदावर राहतो. याला एक व्यवहारी कारणही आहे. सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. एकट्या १२५ ला ती लागू होत नाही. म्हणजे सुरुवातीला कलम हलकं लागलं तर भिंतीतली गोळी शास्त्रोक्त काढली जाण्याची शक्यताही कमी होते.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी भारतीय दंडसंहिता लागेल: १०९ ऐवजी ३०७, ११० ऐवजी ३०८, १२५ ऐवजी ३३६ ते ३३८.

पंचनामा होताना हजर राहा. भोकाची जमिनीपासूनची उंची, खिडकी ते रस्ता हे अंतर, दिवा कुठे होता, कोण कुठे बसलं होतं, हे सगळं लिहिलं गेलं का बघा, आणि जप्त वस्तू तुमच्यासमोर लाखेने सील होताना पाहा. पंच म्हणून असा माणूस द्या जो चार-पाच वर्षांनी न्यायालयात उभा राहील. शेजारच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यासाठी पोलिसांना त्याच दिवशी लेखी द्या. मोबाइलवर कुणी व्हिडिओ केला असेल तर तो फोन जपा. पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत त्याची जागा सहज घेत नाही.

परवाना आणि गावठी कट्टा

परवान्याची बंदूक असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करा. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली परवाना स्थगित किंवा रद्द करता येतो आणि त्यासाठी खटल्याचा निकाल लागायची वाट पाहावी लागत नाही. निवडणुकीत बंदुका जमा होतात तशी ही बंदूक आजच जमा व्हावी, असं त्यात स्पष्ट मागा. परवान्याच्या अटी मोडल्याचं कलम ३० ही आहे, सहा महिन्यांचं.

गावठी कट्टा असेल तर विनापरवाना शस्त्र बाळगण्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. इथे एक कागद चुकला तर घात होतो: शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या, म्हणजे परवान्याच्या अटीच्या, उल्लंघनाचा खटला चालवायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. दोषारोपपत्राची नक्कल हातात आली की ती परवानगी जोडलेली आहे का, हे तुमच्या वकिलांना पहिल्यांदा बघायला सांगा.

जामीन, मिटवामिटवी आणि पुढचं

आरोपी जामिनाला गेला की तुम्हाला बोलण्याचा अधिकार आहे. लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकलं पाहिजे असं म्हटलं. सरकारी वकिलांना भेटा, गावात येऊ नये, साक्षीदारांना भेटू नये अशा अटी मागा.

मिटवायला माणसं येतातच. सरपंच येतात, पाहुणे येतात, "भावकीत कोर्ट नको" म्हणतात. भुर्दंड म्हणून काच आणि दरवाजा भरून देतो म्हणतात. एक लक्षात ठेवा, कलम १०९ आपसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत नाही. गुन्हा रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झालं आहे, सीपीआरसमोर भाऊसिंगजी रोडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे की खुनाचा प्रयत्न आणि शस्त्र अधिनियमाचे गुन्हे समाजाविरुद्धचे आहेत आणि निव्वळ तडजोड झाली म्हणून ते रद्द होत नाहीत. कलम नावापुरतं लावलं होतं की खरा पुरावा होता, शस्त्र कोणतं, जखम कुठे, हे बघितलं जातं. तेव्हा दबावाखाली कोऱ्या स्टँपवर सही देऊ नका. धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करता येतो.

तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर लेखी विचारा. घरातल्या कुणाला इजा झाली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करा, सोबत एफआयआरची प्रत, दवाखान्याची कागदपत्रं आणि खर्चाच्या पावत्या जोडा. वकील परवडत नसेल तरी तिथेच सांगा. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.